बाईंची सरकती ओसरी

मित्रांनो, मी एक जुना ट्रेलर आहे. आता ट्रेलर म्हणजे काय ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही मला कापसाची ट्रॉली समजाल आणि ते मला अजिबात खपायचं नाही. ट्रॉली ट्रॅक्टरमागे लागते. तिच्यात कापूस भरतात, खत भरतात, लग्नाचं वऱ्हाडसुद्धा भरतात. मी जीपमागे लागतो. मला दार आहे, तीन खिडक्या आहेत, पाण्याची टाकी आहे, चहापुरता एक ओटा आहे. आणि माझ्या डाव्या कुशीत एक खोलीएवढा खण आहे. दांडा फिरवला की तो कपाटाच्या खणासारखा हळूहळू बाहेर सरकतो. त्या खणात एक पलंग आहे आणि पलंगाच्या उशाशी खिडकी. सगळ्या आदिलाबादेत माझ्यासारखा दुसरा नाही. मी फुशारकी मारतोय असं तुम्हांला वाटत असेल, तर बरोबरच वाटतंय.

माझा जन्म धोंडीबांच्या वेल्डिंगच्या दुकानात झाला. धोंडीबांनी उभी हयात ट्रॉल्या बनवण्यात घालवलेली. एके दिवशी त्यांच्याकडे व्यंकटराव आले. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, आणि हातात घडी घातलेला नकाशा. ते मंडल कचेरीत महसुलाच्या कामावर होते, नुकतेच निवृत्त झालेले. कागदावर काहीही लिहिलेलं असो, मौक्यावर जाऊन स्वतः हात लावून पाहिल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसायचा नाही.

"धोंडीबा, मले एक घर पाहिजे," ते म्हणाले. "चाकावरचं."

"कोणासाठी, सर?"

"बाईसाठी."

बाई म्हणजे व्यंकटरावांच्या पत्नी, वनमालाबाई. तलमडुगुकडच्या एका गावात मराठी शाळेवर त्यांनी सव्वीस वर्षं मुलांना शिकवलं. मग त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, अर्धा तास बसायचं, लगेच आडवं व्हायचं. बसमध्ये आडवं कुठे होणार? तेव्हापासून तीन वर्षं बाईंनी निजायच्या खोलीच्या खिडकीतून दिसते तेवढीच गल्ली पाहिली होती. ज्या बाईंचा आवाज शाळेच्या कौलांतून बाहेर जायचा, त्या बाई दूधवाल्याशी दोन शब्द बोलायला मिळाले तरी खूश व्हायला लागल्या होत्या.

धोंडीबांची मुलगी भाग्यश्री बाईंच्याच हाताखाली अक्षरं शिकली. आता ती त्याच शाळेत शिक्षिका आहे. धोंडीबांनी तो नकाशा उलटा धरला, सुलटा धरला आणि परत दिला.

"सर, तुमची ही डिझाइन मले काई समजली नाई," ते म्हणाले. "पण बाईंसाठी हाय ना? मंग होऊन जाईल."

आणि झालं. दोन महिने लागले. खेड्यातल्या रस्त्यावर मी मावावा म्हणून मला अरुंद केलं, आणि बाईंना ऐसपैस निजता यावं म्हणून तो सरकता खण दिला. पहिल्यांदा खण बाहेर काढला तेव्हा बाईंना आत आणलं. त्या पलंगावर पडल्या, त्यांनी खिडकी उघडली. वर कडुनिंब, समोर अंगण, कुंपणापलीकडे शेजारचे भगवानराव लुंगी सावरत उभे.

"अहो, ही तर ओसरी झाली!" बाई म्हणाल्या. आणि रडल्या. व्यंकटराव नकाशाची घडी घालत राहिले, ती घडी काही नीट पडेना. त्या दिवसापासून माझ्या त्या खणाला सगळे ओसरीच म्हणतात.

आता मुद्द्याची गोष्ट. ओसरी आत सरकवली की पलंग समोरच्या ओट्याला भिडतो, आत उभं राहायलाही जागा उरत नाही. म्हणून जीपला जोडताना बाई शेवटच्या घडीपर्यंत ओसरीतच पडून असायच्या आणि ओसरी बाहेर असायची. धोंडीबांना ते ठाऊक होतं. त्यांनी मला पोचवायच्या दिवशी दोघांना समोर बसवून बजावलं.

"हे पाहा बाई, ओसरी बाहेर असली का याचा सारा भार डावीकडं जाते. हा मंग जाग्यावर नसते. याले हात लावाच्या आधी दोन्ही चाकांले दगड पायजे. पुढूनबी आन् मागूनबी. आन् ते दगड कवा काढाचे? सगळ्यात शेवटी. जीप जोडली, ओसरी आत गेली, मंग दगड."

व्यंकटरावांनी हे सगळं कचेरीच्या भाषेत लिहून काढलं. चौदा कलमं झाली. खाली तारीख, सही. बाईंनी तो कागद वाचला आणि बाजूला ठेवला.

"हे कागद कचेरीत ठीक आहेत," त्या म्हणाल्या. "मी हजेरी घेईन. तुम्ही उत्तर द्यायचं."

तशी आमची पद्धत पडली. बाई ओसरीच्या खिडकीतून हाक द्यायच्या आणि व्यंकटराव वाकून, हात लावून, मगच उत्तर द्यायचे.

"दगड?"

"हजर!"

"पाय?" माझ्या चार कोपऱ्यांना चार लोखंडी पाय आहेत, मी मुक्कामाला असलो की ते जमिनीवर टेकवतात.

"चारी हजर!"

"गोळा?" जीपच्या पाठीशी एक लोखंडी गोळा आहे. माझ्या तोंडाची वाटी त्यावर अलगद उतरवायची, की आमची जोडी जमली.

"वाटीत बसला. हजर!"

"खटका?" "हजर!" "पिन?" "हजर!" "साखळ्या?" "दोन्ही हजर, कैची मारून!"

"वायर?"

यावर व्यंकटराव जीपमध्ये जाऊन ब्रेक दाबायचे. माझा मागचा लाल दिवा लागला तर त्याचा उजेड भिंतीवर पडायचा, तो बाईंना खिडकीतून दिसायचा.

"वर्ग सुटला!" असं बाई म्हणाल्या की मगच सगळं हलायचं. बाई वॉकर धरून उतरायच्या आणि जीपमध्ये सीट मागे पाडून बसायच्या, कारण चालत्या ट्रेलरमध्ये माणसानं बसायचं नसतं. मग व्यंकटराव दांडा फिरवून ओसरी आत घ्यायचे, पाय वर घ्यायचे, तोंडाखालचं छोटं चाक वर घ्यायचे. सगळ्यात शेवटी दगड उचलायचे आणि ते सीटखाली नीट ठेवायचे. घरचेच दगड, पण चोरीला जातील की काय अशी त्यांची काळजी.

मित्रांनो, पुढची दोन वर्षं म्हणजे माझं सोनं झालं. दर शनिवारी आम्ही बाईंच्या शाळेत जायचो. अर्धा तास जीप, मग रस्त्याकडेला थांबून ओसरी बाहेर, बाई आडव्या. पुन्हा अर्धा तास. शाळेच्या आवारात चिंचेखाली मला उभं करायचे. ओसरी बाहेर सरकायची, खिडकी उघडायची, आणि खाली मातीत मुलं गोल करून बसायची. बाई पलंगावर पडल्या पडल्या शिकवायच्या. मणका आडवा असला तरी आवाज उभाच होता. कधी गोष्ट, कधी पाढे, कधी नुसतं, "सांग रे, आज रस्त्यानं काय काय पाहिलंस?" मुलांच्या बोलण्यात तेलुगू यायचं, गोंडी यायचं, बाई सगळ्यालाच "छान" म्हणायच्या आणि मग मराठी शब्द हळूच हातावर ठेवायच्या. मला तर वाटायचं, मीच शिकवतोय. लाकूडलोखंडाला गर्व होत नाही असं कोण म्हणतं?

निघताना हजेरी व्हायची तेव्हा तर धमाल. बाईंनी "दगड?" म्हणायचा अवकाश, त्रेचाळीस पोरं एका दमात "हजर!" ओरडायची. व्यंकटरावांना काही बोलायलाच मिळायचं नाही. तरी ते वाकून हात लावून पाहायचेच. "पोरं म्हणून राह्यली म्हणून मी मानीन का?" असं म्हणायचे. भाग्यश्री पदराआड हसायची.

तिसऱ्या वर्षी दसरा आला. शाळेला सुट्टी होती, पण मुलांना बाईंनी शब्द दिला होता की दसऱ्याला सोनं घेऊन येते. तीन वर्षं घरात काढलेल्या बाईला दसऱ्याच्या दिवशी गावाची शीव ओलांडायची केवढी हौस असेल, तुम्हीच विचार करा. सकाळपासून त्या ओसरीत बसून, मग पडून, आपट्याच्या पानांच्या जुड्या बांधत होत्या. दर मुलामागे एक.

इकडे अंगणात पूजेची तयारी. शेजारचे भगवानराव आले. ते बस डेपोतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं डेपोत गाड्यांच्या पूजेला ते पुढे. मनानं अगदी लोण्यासारखा माणूस, पण कामाला लागला की दुसऱ्याचं ऐकायचा नाही.

"व्यंकटराव, तुमी जीप मागं घ्या, बाकी मी पाहतो," ते म्हणाले. त्यांनी अंगण झाडायला घेतलं. माझे लोखंडी पाय मध्ये येत होते, त्यांनी ते वर घेतले. मला हळदकुंकू लावलं, नारळ ओवाळला. चाकांवर झेंडूच्या अशा दाट माळा घातल्या की चाकं दिसेनात. मग त्यांनी कागदातून लिंबं काढली. गाडीची पूजा झाली की चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि त्यावरून गाडी न्यायची, हे तर तुम्हांला माहीतच आहे. पण चाकांना दगड लावलेले.

"लिंबू चाकाले टेकलं पायजे, मधात दगड कशाले?" असं स्वतःशीच म्हणत त्यांनी चारही दगड काढले आणि तिथं चार लिंबं ठेवली. किती प्रेमानं ठेवली म्हणून सांगू!

मित्रांनो, मी तेव्हा जिवाच्या आकांतानं ओरडायला हवं होतं. पण लोखंड ओरडत नाही. फार तर कुरकुरतं. मी कुरकुरलो, ते झाडूच्या आवाजात कोणाला ऐकू येणार?

"अहो, हजेरी राहिली!" ओसरीतून बाईंचा आवाज आला.

"आज राहू दे, वनमाला," व्यंकटराव जीपमधून म्हणाले. "भगवानराव म्हणून राह्यले, पाच मिनिटांत राहुकाळ लागते."

"दसऱ्याला कसला हो राहुकाळ? अख्खा दिवस मुहूर्तच असतो ना!"

"त्यांना कोण सांगणार? सगळं झालंय, तू पड."

बाई हसल्या. भगवानरावांना सगळी गल्ली ओळखत होती. व्यंकटरावांना वाटलं, पाहणी भगवानरावांनी केली. भगवानरावांना वाटलं, ती व्यंकटराव रोजच करतात. व्यंकटरावांनी आरशात माझ्या तोंडाकडे पाहत जीप मागे घेतली. गोळा वाटीखाली येता येता जीपचा हलकासा धक्का मला लागला. एरवी असा धक्का मी दगडांच्या भरवशावर सहज झेलतो. त्या दिवशी मला धरायला काहीच नव्हतं. अंगणाला मागच्या बाजूला उतार. मी सुटलो. ओसरीचा भार डावीकडे, म्हणून वाकडातिकडा गेलो, आणि बाहेर आलेली ओसरी कडुनिंबाच्या खोडावर जाऊन आदळली. त्याच कडुनिंबाकडे बघत बाई पहिल्या दिवशी रडल्या होत्या.

आत बाई पलंगावरून खाली पडल्या. पानांच्या सगळ्या जुड्या त्यांच्या अंगावर. व्यंकटराव धावत आले, दार उघडलं, आणि नुसतं "वनमाला, वनमाला" म्हणत राहिले. भगवानराव अंगणात डोक्याला हात लावून बसले. अँब्युलन्स येईपर्यंत कोणी कोणाकडे पाहिलं नाही. चाकांमागची लिंबं मात्र फुटली होती.

मणका वाचला, ही देवाची कृपा. पण बाईंचा उजवा हात मोडला. तीन महिने प्लास्टर. माझी ओसरी वाकडी झाली, ती आत जाईना. व्यंकटरावांनी एक निळी ताडपत्री आणली, माझ्यावर घातली, दोरीनं बांधली, आणि परत माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

त्यानंतरचं एक वर्ष सांगू नये असं आहे. माझ्या छतात खारीनं घर केलं. पावसाळ्यात ताडपत्रीवर पाणी साचून डासांची जत्रा भरली. पलंगाखाली त्या पानांच्या जुड्या वाळून चुरा झाल्या. पण मित्रांनो, गंज, पाणी, खार, यांचं मला दुःख नव्हतं. ताडपत्रीला एक भोक होतं. त्यातून मला बाईंची खिडकी दिसायची, आणि खिडकीत बाई. पुन्हा तीच गल्ली, पुन्हा तोच दूधवाला. ते बघवत नव्हतं.

व्यंकटराव त्यांना फुलासारखं जपत होते. औषध वेळेवर, गरम पाणी वेळेवर, पुस्तकं आणून द्यायचे, पाय चेपायचे. पण शाळेचं नाव काढलं की उठून बाहेर जायचे. दर शनिवारी धोंडीबा मुलांच्या वह्या घेऊन यायचे. भाग्यश्री पाठवायची. उजवा हात आखडला होता, म्हणून बाई डाव्या हातानं वह्या तपासायच्या, अक्षर वेडंवाकडं यायचं.

एकदा उघड्या खिडकीतून मला त्यांचं बोलणं ऐकू आलं.

"एवढं जपता मला," बाई म्हणाल्या, "पण हे जपणं आहे की कोंडणं?"

व्यंकटराव म्हणाले, "मी तुले मारलं असतं, वनमाला. या हातानं. आता मी स्टिअरिंगले हात लावणार नाही."

"हात मोडला, तो जुळला. तुम्ही किती दिवस प्लास्टरमध्ये राहणार?"

ते उठून बाहेर गेले. हैदराबादेहून त्यांच्या मुलीचा, अश्लेषाचा फोन आला, तीही म्हणाली, "बाबा, ती वस्तू अंगणातून काढून टाका, रोज डोळ्यांसमोर कशाला?" दुसऱ्या दिवशी व्यंकटरावांनी धोंडीबांना बोलावलं.

"याले घेऊन जा," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "वरचं सगळं कापून टाक. खालच्या सांगाड्याची ट्रॉली कर कापसाची."

ऐकलंत? ट्रॉली! ज्या शब्दाचा मी जन्मभर राग केला, तोच माझ्या नशिबी आला. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला स्वतःपेक्षा बाईंचीच काळजी वाटली. मी गेलो की त्यांचा शनिवार कायमचा गेला.

धोंडीबा कितीतरी वेळ माझ्या अंगावर हात फिरवत उभे राहिले. "सर, तुमी म्हनता तर कापीन," ते म्हणाले. "पण हात नाई उचलून राह्यला माझा."

धोंडीबांच्या ट्रॅक्टरला माझी वाटी बसत नव्हती. मला न्यायला व्यंकटरावांचीच जीप लागणार होती, आणि धोंडीबांना जीप चालवता येत नव्हती. ओसरीही आत जात नव्हती. आधी जीपला जोडून मला घट्ट धरायचं आणि मग घणानं ठोकून ओसरी आत बसवायची, असं ठरलं. म्हणजे झालं काय, की वर्षभरानं व्यंकटरावांना पुन्हा त्याच जीपमध्ये, त्याच मला जोडायला बसावं लागलं. ओसरी बाहेर, तशीच. धोंडीबांनी ताडपत्री काढली. त्यांनी पाय टेकवले, माझ्या चाकांना चार दगड लावले. कुंपणापाशी भगवानराव येऊन उभे राहिले. आत यायची त्यांची हिंमत होईना.

व्यंकटरावांनी किल्ली फिरवली. जीप सुरू झाली. जीप काही हलेना.

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

"दगड?"

सगळे थबकले. बाई खिडकीत उभ्या होत्या, दोन्ही हातांनी गज धरून. उभ्या राहायला त्यांना किती त्रास होतो ते सगळ्यांना माहीत होतं.

"दगड?" त्या पुन्हा म्हणाल्या. शाळेतला आवाज.

व्यंकटरावांनी जीप बंद केली. उतरले. धोंडीबांनी दगड लावलेत हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी ते माझ्या एकेका चाकापाशी वाकले आणि चारही दगडांना हात लावला. वर्षभरानं त्यांचा हात माझ्या चाकाला लागला, मित्रांनो. माझं लोखंड गहिवरलं.

"हजर," ते हळूच म्हणाले.

"ऐकू नाही आलं."

"हजर!"

"पाय?" "हजर!" मग ते जीपमध्ये बसले आणि अगदी मुंगीच्या पावलानं मागे आले. गोळा वाटीखाली आला, मी खाली उतरलो. "गोळा?" "हजर!" खटका हजर, पिन हजर, साखळ्या हजर, कैची मारून. वायर लावली, ब्रेक दाबला. वर्षभर बंद असलेला माझा लाल दिवा आधी मिणमिणला, मग लागला.

आता बाई "वर्ग सुटला" म्हणतील म्हणून सगळे थांबले.

"एक नाव राहिलं," त्या म्हणाल्या.

"कोणतं?" व्यंकटरावांनी सगळीकडे पाहिलं. "सगळं तर झालं."

"त्या दिवशी तुम्ही हजेरी दिली असती, दगड सापडले असते, मी पडले नसते. ते खरं आहे. पण अहो, आपण दोन वर्षं दगडाचं नाव घेतलं, पिनचं घेतलं, साखळ्यांचं घेतलं. आत कोण आहे, ते कधी विचारलंच नाही. यादी माझी होती. मी सव्वीस वर्षं मास्तरकी केली आणि माझ्या हजेरीतून माणूसच सुटलं. मग सगळी शिक्षा तुम्ही एकट्यानं का भोगायची? आणि तुमच्याबरोबर मी का भोगायची?"

कुंपणापाशी भगवानरावांनी लुंगीच्या टोकानं डोळे पुसले. "दगड तं मीच काढले होते, वहिनी," ते म्हणाले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी ते तोंडानं म्हटलं.

व्यंकटराव माझ्यापाशी उभे होते, एक हात माझ्या तोंडावर ठेवून. त्यांनी खिडकीकडे पाहिलं.

"वनमाला?" त्यांनी हाक दिली.

"हजर," बाई म्हणाल्या. "ओसरीत नाही, घरात आहे. आणि मला बाहेर जायचंय हो."

धोंडीबा घण हातात धरून थांबले होते. "मंग सर? कापू काय?"

"कापतो कशाला?" व्यंकटराव एकदम खेकसले. "ओसरी सरळ कर!"

धोंडीबांना चार दिवस लागले. ओसरी पुन्हा आतबाहेर सरकू लागली. कडुनिंबाचा धक्का जिथं बसला होता तिथला पोचा मात्र त्यांनी मुद्दाम तसाच ठेवला. "राहू द्या," ते म्हणाले, "पोचा दिसला का हजेरी आठवते." दगडांऐवजी त्यांनी मला बाभळीच्या चार भक्कम पाचरी करून दिल्या. बाई अजूनही हाक "दगड" अशीच देतात, सवय जात नाही.

परवाच दसरा झाला. भगवानरावांनी पूजा केली, पण लिंबं हातात घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, आधी हजेरी घ्या, मंग मी लिंबं ठेवतो, तीबी फक्त जीपच्या चाकाखाली." पाचरींना त्यांनी बोटही लावलं नाही. लांबूनच त्यांना हळदकुंकू वाहिलं.

आम्ही शीव ओलांडली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. शाळेच्या फाटकात मुलं कधीची उभी होती. बाईंनी ओसरीच्या खिडकीतून एकेकाच्या हातावर आपट्याची पानं ठेवली. मुलांनी त्यांना जम्मीची, म्हणजे शमीची, पानं दिली, कारण त्यांच्या घरी दसऱ्याला जम्मी देतात. व्यंकटराव चिंचेखाली सतरंजीवर पडले आणि चक्क घोरले. वर्षभरात ते असे निर्धास्त झोपलेले मी पाहिले नव्हते.

मित्रांनो, मी आता जुना झालो. माझ्या छताला ठिगळ आहे, दार ओढून घ्यावं लागतं. तुमच्याकडे मी थोडंसंच मागतो. माझ्यासारख्या वस्तूंना तेलपाणी करा, ताडपत्रीखाली टाकून विसरू नका, हे तर आहेच. पण कुठलीही गाडी, गाडा, कवाड, काहीही हलवण्याआधी आत कोण आहे ते विचारा. नाव घेऊन विचारा. आणि उत्तर ऐकू येईपर्यंत थांबा, मग बाहेर राहुकाळ लागो नाहीतर आणखी काही. एखाद्याच्या हातून चूक झाली तर त्यालाही असंच नाव घेऊन हाक मारा. तो आत कुठेतरी अडकलेला असतो.

त्या दिवशी संध्याकाळी निघताना हजेरी झाली. दगड, पाय, गोळा, खटका, पिन, साखळ्या, वायर, सगळ्याला मुलांनी गलका करून हजर म्हटलं. मग व्यंकटरावांनी "वनमाला?" अशी हाक दिली, आणि वॉकर धरून उतरलेल्या बाई चिंचेखालून "हजर!" म्हणाल्या. आता वर्ग सुटणार, इतक्यात पुढच्या रांगेतली एक चिमुरडी उभी राहिली.

"बाई, ट्रेलरचं नाव राहिलं!"

मुलं हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे वळून, शाळेतल्या आवाजात, अगदी नीट हाक दिली.

"ट्रेलर?"

मला तर बोलता येत नाही, मी काय उत्तर देणार? तेवढ्यात व्यंकटराव लगबगीनं जीपमध्ये चढले आणि त्यांनी ब्रेक दाबला. माझा लाल दिवा लागला, आणि त्याचा उजेड त्रेचाळीस तोंडांवर पडला.